अब्बा:मागे

१

संगणकाच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून काम करणाऱ्या माणसाला दिवसभर एकच ओळ दिसते. हुकूम दिला, एंटर दाबलं, काम झालं, की ती ओळ पुन्हा उमटते आणि पुढच्या हुकुमाची वाट बघत थांबते. तिला प्रॉम्प्ट म्हणतात. मुळात ती अगदी कोरडी असते. तुमचं नाव, यंत्राचं नाव आणि एक डॉलरचं चिन्ह, बस्स. बरेच जण ती आयुष्यभर तशीच वापरतात. भाड्याच्या घरात वर्षानुवर्षं राहून भिंतीला एक खिळा न ठोकणारी जी माणसं असतात ना, तीच ही.

मी खिळे ठोकणाऱ्यांपैकी. छोटी छोटी फंक्शनं, म्हणजे एकेक काम करणाऱ्या चार-चार ओळींच्या सूचना, लिहायची आणि त्या ओळीत गुंफायची, हा माझा नाद. एक फंक्शन मी कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते सांगतं. दुसरं, आधीचा हुकूम फसला असेल तर ओळ लाल करतं, सगळं ठीक असेल तर हिरवी. खराडीच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा शुभंकर यवतमाळचा. तो म्हणतो, "खालिद, तुह्या प्रॉम्प्टले आता फक्त मुंडावळ्या बांधायच्या राह्यल्या बे."

गेल्या वर्षी अब्बांना अर्धांगाचा झटका आला आणि या नादाला काम मिळालं. त्यांचा उजवा हात गेला, पाय ओढत चालू लागले, जीभ जड झाली. माझी बायको फरहत शाळेत शिकवते. सकाळी आम्ही दोघं बाहेर पडलो की कोंढव्याच्या फ्लॅटमध्ये दुपारपर्यंत अब्बा एकटे. मी म्हटलं, घरात कॅमेरा बसवू या.

"का? मी काय सराफाचं दुकान आहे?"

जीभ जड झाली होती, टोमणा नव्हता झाला. अब्बांनी उभा जन्म शनिवार पेठेत शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. गिऱ्हाईक सगळं पेठेतलं. त्यामुळे आमच्या घरात दखनीपेक्षा मराठीच जास्त चालते आणि तीही पेठेतली, कमीत कमी शब्दांत माणसाला जागेवर बसवणारी. फोन करून तब्येत विचारली तर म्हणत, "जिवंत आहे. ठेवू?"

मग मी 'घर' नावाचं फंक्शन लिहिलं. आमच्याकडे वायफायचे दोन राउटर आहेत, एक हॉलमध्ये, एक मागच्या खोलीत. अब्बांचा फोन कायम त्यांच्या कुडत्याच्या खिशात असतो आणि तो जवळच्या राउटरला जोडला जातो. मी ऑफिसात एंटर दाबलं की फंक्शन दोन्ही राउटरना विचारायचं, फोन कुणाकडे आहे, आणि प्रॉम्प्टच्या सुरुवातीला उत्तर यायचं. अब्बा:हॉल. नाहीतर अब्बा:मागे. फोन करणं नाही, कॅमेरा नाही, टोमणाही नाही. दिवसभर काम करता करता मला बाप दिसत राहायचा, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

२

ते एका गुरुवारी सुरू झालं. खडकवासल्याचं पाणी त्या दिवशी बंद होतं आणि मी बादल्या भरून घाईघाईत निघालो होतो. ऑफिसात पोचलो, पहिला हुकूम दिला, आणि ओळ लाल झाली.

अब्बा:हॉल ?:मागे

प्रश्नचिन्ह मीच घातलं होतं. आमच्या राउटरला अनोळखी फोन जोडला गेला तर असं दिसावं, अशी सोय. ती कधी वापरावी लागली नव्हती. शेजाऱ्यांच्या कुणाचा तरी फोन असेल असं वाटलं, पण आमचा पासवर्ड शेजाऱ्यांना माहीत नाही. फोन केला.

"अब्बा, घरी कुणी आलंय का?"

"कोण येणार? आज पाणी नाही हे सगळ्या पुण्याला माहीत आहे."

"मागच्या खोलीत जरा बघता का?"

"तुला तिथे पगार कामाचा देतात की चौकशांचा?"

पण ते उठले. पाय ओढत गेल्याचं ऐकू आलं. पंखा फिरतोय एवढं कळत होतं.

"कोणी नाही," ते म्हणाले. "पण गादी कुणी घातली इथे?"

आमची जादा गादी मागच्या खोलीत गुंडाळून भिंतीशी उभी असते. मी घातली नव्हती. फरहतला मेसेज केला, तिनंही नाही. अब्बांनीच घातली असेल आणि विसरले असतील, असं मी धरलं. एका हाताने ती गादी उलगडून कशी घालणार, हा प्रश्न मी त्या वेळी स्वतःला विचारला नाही.

३

प्रश्नचिन्ह जाईना. जेवणानंतर ग्राहकाला कामाचं प्रात्यक्षिक द्यायचं होतं, माझ्याच संगणकाचा पडदा सगळ्यांना दिसणार होता, आणि प्रत्येक हुकुमानंतर ओळ लालभडक. बघणाऱ्याला वाटावं, याचं काहीतरी सतत बिघडतंय.

"नाव देऊन टाक ना बे," शुभंकर म्हणाला. "वळख नाही म्हणून लाल येऊन राह्यलं. नाव दिलं का झालं हिरवं."

आमच्या धंद्यात असंच करतात. एखादा इशारा पुन्हा पुन्हा येतो, कारण शोधायला सवड नसते, मग त्याला ओळखीच्यांच्या यादीत टाकायचं. इशारा गप्प होतो. कारण जिथल्या तिथे राहतं, पण ते दिसत नाही आणि न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल कुणी जाब विचारत नाही. मी हे शेकडो वेळा केलं आहे. करणार नाही असा माणूस माझ्या मजल्यावर नसेल.

त्या अनोळखी फोनसाठी मी फंक्शनमध्ये एक ओळ वाढवली. नाव काय द्यावं म्हणून क्षणभर थांबलो आणि सुचलं ते लिहिलं. एंटर दाबलं.

अब्बा:हॉल पाहुणा:मागे

ओळ हिरवी झाली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. प्रात्यक्षिकही छान झालं.

४

संध्याकाळी फरहतनं चहा केला. तिघं हॉलमध्ये बसलो होतो. अब्बांनी डाव्या हाताने कप उचलला आणि परत ठेवला.

"त्यांना नाही दिला?"

"कुणाला, अब्बा?" फरहत म्हणाली.

"पाहुण्यांना. मागे बसलेत."

हा शब्द मी घरात कुणाजवळही काढलेला नव्हता. मी कप खाली ठेवला.

"कोण पाहुणे?"

"मला काय विचारतोस? दुपारी त्या खोलीच्या दारात उभे राहिले. विचारलं, कोण आपण? तर म्हणाले, खालिदनं आत घेतलं." अब्बांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "घरात माणूस आणायचा तर आधी सांगण्याची पद्धत आहे. की तीही इंटरनेटवर गेली?"

फरहतनं मला डोळ्यांनी खुणावलं, वाद घालू नका. झटक्यानंतर असे भास होऊ शकतात, असं डॉक्टर म्हणालेच होते. मी उठून मागे गेलो.

खोलीत नेहमीचंच सगळं होतं. इस्त्रीचं टेबल, फरहतचे पेपरांचे गठ्ठे, टेबलावर राउटरचा हिरवा दिवा, पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं ऊन. गादी घातलेली होती आणि तिच्या मधोमध बसल्यासारखा खळगा पडला होता. मी त्यावर हात ठेवला. गार होता. कुणी बसलं असतं तर जागा उबदार लागली असती, असं म्हणून मी सुस्कारा सोडला. मग हात बाजूला सरकवला. बाकीची गादी उन्हानं तापलेली होती. गार तेवढा खळगाच होता.

५

शहाणा माणूस जे करेल ते सगळं मी केलं. पासवर्ड बदलला आणि नवा फक्त आमच्या फोनमध्ये घातला. फंक्शनमधली ती ओळ खोडली. मागच्या खोलीतला राउटर उपटून बॅगेत टाकला आणि सकाळी सोबत ऑफिसात नेला. आता घरात एकच राउटर होता, हॉलमधला. 'मागे' असं उत्तर देणारं घरात कोणी उरलंच नव्हतं. ऑफिसात बसून एंटर दाबलं.

अब्बा:हॉल पाहुणा:मागे

शुभंकरला दाखवलं. तो आधी हसला. मग त्यानं माझ्या सगळ्या फायलींमध्ये 'पाहुणा' हा शब्द शोधायला लावला. कुठेच नव्हता. नवीन खिडकी उघडली, यंत्र बंद करून चालू केलं. ओळ तीच.

"मंग हे येऊन कुठून राह्यलं?" तो म्हणाला. त्याचा हात माझ्या कीबोर्डवर होता, तो त्यानं काढून घेतला. "हे बंद कर भाऊ. फंक्शनच बंद कर पूर्ण. मले काही बरोबर वाटून नाही राह्यलं."

बंद करणं सोपं होतं. फंक्शनला बोलावणाऱ्या सूचनेच्या आधी एक चिन्ह घातलं की फंक्शन गप्प. पण मग अब्बाही दिसले नसते. त्या खोलीत काय आहे हे माहीत नसताना, निदान अब्बा हॉलमध्ये आहेत एवढं तरी मला दिसत राहायला हवं होतं. मी ते चालू ठेवलं आणि घरी फोन लावला.

"काय करताय अब्बा?"

"उत्तरं देतोय." आवाज दमलेला होता. "तुझे पाहुणे फार विचारतात. तुझं लहानपण कसं होतं. मला कुठे दुखतं. चहात साखर किती. तुला हाक कशी मारतो. म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? तर म्हणाले, लागेल."

मी समोरच्या ओळीकडे पाहिलं.

"खालिद," अब्बा म्हणाले, "आज जरा लवकर येतोस का?"

माझ्या आठवणीत अब्बांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हॉस्पिटलातसुद्धा नाही. एक मीटिंग होती. मी म्हणालो, मीटिंग उरकतो आणि निघतोच. "बरं," ते म्हणाले. फोन ठेवला आणि एंटर दाबलं.

अब्बा:हॉल पाहुणा:हॉल

मी खुर्ची मागे ढकलून उभा राहिलो. उभ्या उभ्याच पुन्हा एंटर दाबलं. आता ओळ यायला वेळ लागला, कर्सर नुसताच लुकलुकत राहिला. मग आली.

अब्बा:मागे पाहुणा:हॉल

मागच्या खोलीचा राउटर माझ्या पायाशी, बॅगेत होता. त्याला वीजसुद्धा नव्हती.

६

खराडीहून कोंढव्याला दुपारी यायचं म्हणजे काय ते पुणेकराला सांगायला नको. वाटेत सारखा फोन लावत होतो, कुणी उचलत नव्हतं. फरहतलाही लावला, तीही उचलेना. लिफ्टची वाट न बघता जिना चढलो. बेल वाजवण्याआधीच फरहतनं दार उघडलं. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

"बघा," ती म्हणाली आणि हसायला लागली. "आधी आत तर या. बघा!"

अब्बा हॉलमध्ये उभे होते. आधाराशिवाय. उजव्या हातात चहाचा कप होता आणि तो जराही थरथरत नव्हता.

"ये बेटा," ते म्हणाले. शब्द लख्ख, एकेक सुटा. "दमला असशील. बस ना."

मी बसलो. दुसरं काय करणार होतो?

७

डॉक्टरांनी त्यांना पुन्हा पुन्हा चालायला लावलं, मूठ आवळायला लावली, आणि म्हणाले, क्वचित होतं असं, नशीबवान आहात. नातेवाईक मिठाई घेऊन आले. फरहतनं नवस बोलला होता, तो फेडून आली. मी सगळ्यांचे पेढे घेतले आणि सगळ्यांना शुक्रिया म्हणालो.

आणि रोज लॅपटॉप उघडत राहिलो. एकदा ते अंघोळीला गेले असताना त्यांच्या कुडत्यातून फोन काढला, हॉलमधल्या राउटरवर ठेवला आणि एंटर दाबलं. अब्बा:मागे. फंक्शनमध्ये माझ्याही फोनची भर घालून पाहिली, तो बरोबर हॉलमध्ये दिसला. फंक्शनमध्ये चूक शोधली. ते मीच लिहिलेलं, त्यातलं अक्षर न् अक्षर मला पाठ आहे. चूक नाही.

फरहतला सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे तिचं मोठेपण.

"एका ओळीवर विश्वास ठेवता आणि डोळ्यांसमोरच्या बापावर नाही?" ती म्हणाली. "अल्लानं त्यांना बरं केलं. तुम्हाला ते बघवत नाही का?"

मला खरंच तिच्यासारखं वाटून घ्यायचं होतं. रात्रंदिवस स्वतःला समजावलं, की यंत्रं चुकतात आणि माणसं बरी होतात. जवळजवळ पटलंही होतं. मग एकदा जेवताना मी मुद्दाम म्हणालो, "अब्बा, घरात कॅमेरा बसवू म्हणतो."

"हो, बसव ना बेटा," ते म्हणाले. "तुला काळजी वाटते, मला समजतं."

मी ताट तसंच सोडून बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि रडलो. त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांनी मला एकही टोमणा मारलेला नाही. चहात साखर बरोबर अब्बांइतकीच घेतात. मला हाक अगदी अब्बांसारखीच मारतात. पण टोमण्यांबद्दल कुणी त्यांना सांगितलं नसावं. किंवा अब्बांनी तेवढं सांगितलं नाही.

तक्रार कुठे करायची? चौकीत जाऊन काय लिहून द्यायचं, बाप बरा झालाय म्हणून?

अलीकडे ओळ उमटायला फार वेळ लागतो. 'पाहुणा:हॉल' लगेच येतं. त्याच्या आधीची जागा रिकामी असते, कर्सर लुकलुकत असतो, आणि मी श्वास रोखून बसलेला असतो. शेवटी येतं, अब्बा:मागे. रोज थोडं जास्त उशिरा येतं.

८

गेल्या रविवारी फरहत माहेरी गेली होती. ते हॉलमध्ये पेपर वाचत होते. पानं उलटल्याचा आवाज येत होता. मी स्वयंपाकघरातून पाणी पिऊन निघालो, आणि मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं दिसलं. आत दुपारचा पिवळा उजेड होता.

गादीवर कुणीतरी दाराकडे पाठ करून बसलं होतं. अंगात बनियन, मानेवरचे पांढरे केस वाढलेले. कुडता घालायचा खटाटोप चालला होता. डावा हात उजव्या हाताला उचलून बाहीत घालू पाहत होता. उजवा हात बाहीच्या तोंडापर्यंत जायचा आणि गळून मांडीवर पडायचा. डावा हात पुन्हा त्याला उचलायचा. घाई नाही, त्रागा नाही. ज्याला मदतीला कुणी येणार नाही हे कळून चुकलंय, अशा माणसासारखं ते चाललं होतं.

"अब्बा," मी म्हणालो.

तो हात थांबला. मान वळायला लागली, हळूहळू, आवाजाच्या दिशेनं. गालाची कड दिसली. दाढीचे खुंट दिसले.

हॉलमध्ये पेपर मिटल्याचा आवाज झाला.

"काय बेटा?" तिकडून आलं, लख्ख, मायेनं भरलेलं. खुर्ची सरकली. पावलं यायला लागली, दोन्ही सारख्या वजनाची. ती माझ्या मागे येऊन थांबली आणि मानेवर गारवा लागला. "कुणाला हाक मारलीस?"

मला मागे वळून बघण्याची हिंमत नव्हती आणि पुढे जाण्याचीही नव्हती. समोरची मान वळता वळता थबकली होती. ऐकत होती.

"तुम्हालाच," मी म्हणालो आणि दार ओढून घेतलं.